विमान कैरोत, परवानगी मॉस्कोत

१४ मार्च १९७६. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात कैरोच्या संसदेत उभे राहिले आणि सोव्हिएत संघाबरोबरचा मैत्री करार रद्द करावा असं त्यांनी सांगितलं. करार पंधरा वर्षांसाठी होता. त्याला पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती. भाषणात तक्रारींची यादी मोठी होती. मॉस्को कर्जाचे हप्ते पुढे ढकलायला तयार नाही, शस्त्रं पाठवत नाही, विमानांची इंजिनं दुरुस्त करून देत नाही. त्याच ओघात एक तक्रार अशी आली की सोव्हिएत बनावटीच्या मिग-२१ लढाऊ विमानांच्या सुट्या भागांसाठी आम्ही भारताकडे गेलो, भारतानं मॉस्कोला विचारलं, आणि मॉस्कोनं नकार दिला.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत अर्थातच करार होता. मला मात्र हे प्रकरण त्या भारताबद्दलच्या ओळीपाशीच खरं सुरू होतं असं वाटतं, कारण ती ओळ थेट आपल्या नाशिकजवळच्या ओझरला येऊन भिडते. मिग-२१ भारतात बनवण्याचा परवाना आपण १९६२ साली घेतला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची वाटणी होती. आजही जुनी माणसं त्या वसाहतीला ‘ओझर मिग’च म्हणतात. म्हणजे १९७६ साली इजिप्तला जे हवं होतं ते बनवायची सोय भारतात होती, कारागीर होते, यंत्रं होती. आणि तरीही ते देता आलं नाही.

का आलं नाही, ते कळायला आधी इंजिनाकडे जरा जवळून पाहावं लागेल.

मिग-२१चं इंजिन बाहेर काढायचं तर विमान मधोमध उसवावं लागतं. पंखांच्या मागचा सांधा सोडायचा, शेपटाकडचा अर्धा भाग चाकांच्या गाड्यावर घेऊन मागे ओढायचा, की आत नळकांड्यासारखं लांबट इंजिन उघडं पडतं. हे काम विमानतळावरचे मेकॅनिक करू शकतात, त्यांना ते सरावाचंही होतं. पुढचं त्यांच्या हातात नसतं. त्या काळच्या सोव्हिएत इंजिनांना उड्डाणाचे तास ठरवून दिलेले असत, आणि पाश्चात्त्य इंजिनांच्या मानानं ते बरेच कमी असत. तास भरले की इंजिन कितीही गोड चालत असो, उतरवायचं आणि ओव्हरहॉलला पाठवायचं. तिथे ते पूर्ण खोलतात, टर्बाइनची पाती तपासतात, बेअरिंगं बदलतात, पुन्हा बांधून चाचणीच्या चौथऱ्यावर चालवून पाहतात. इजिप्तसाठी ‘तिथे’ म्हणजे सोव्हिएत संघात.

आता समजा तिथून निरोप आला की सध्या जमणार नाही. विमान विकत घेतलेलं आहे, त्याच्या शेपटीवर तुमचाच झेंडा आहे, वैमानिकही तुमचाच. पण तुमच्याकडे उरलेत मोजके तास. ते लढाईसाठी राखायचे तर सराव कापायचा, सराव चालू ठेवायचा तर लढाईच्या दिवशी विमान जमिनीवर. एखाद्या देशाचं हवाई दल असं एकही गोळी न झाडता, नुसत्या कॅलेंडरच्या जोरावर लंगडं करता येतं. शत्रूला हे जमत नाही, पुरवठादार मित्राला जमतं.

इजिप्त या जागी कसा आला, ते थोडक्यात सांगतो. १९५५च्या फेब्रुवारीत गाझावर इस्राएलचा छापा पडला आणि इजिप्तचे तेव्हाचे नेते नासर शस्त्रांच्या शोधात निघाले. पश्चिमेकडून मनासारखी शस्त्रं मिळेनात, तेव्हा त्याच सप्टेंबरात त्यांनी चेकोस्लोव्हाकियाशी करार जाहीर केला. नाव चेक, माल सोव्हिएत, आणि मोबदल्यात इजिप्तचा कापूस. त्यावेळी ही मोठी मुत्सद्देगिरी वाटली, आणि होतीही. जून १९६७मध्ये इस्राएलनं पहिल्याच सकाळी इजिप्तचं बहुतेक हवाई दल धावपट्ट्यांवरच जाळलं. सोव्हिएत संघानं भराभर नवी विमानं पाठवली, पाठोपाठ सल्लागारही. १९७०च्या जानेवारीत इस्राएली विमानं कैरोच्या आसपास बाँब टाकत होती, तेव्हा नासर गुपचूप मॉस्कोला गेले आणि त्यांनी क्षेपणास्त्रांबरोबर ती चालवणारी माणसंही मागितली. ती आली. त्या वर्षी ३० जुलैला सुएझच्या आकाशात इस्राएलनं पाच मिग-२१ पाडली, त्यातले वैमानिक सोव्हिएत होते.

इथे एक रेघ ओलांडली गेली. आधी इजिप्त फक्त शस्त्रं घेत होता. आता त्याच्या आकाशाची राखणच परक्याकडे गेली. १९७१-७२मध्ये, १९६७च्या युद्धात इस्राएलनं घेतलेल्या सिनायवरून टेहळणी करणारी मिग-२५ विमानं कैरोजवळच्या तळावर असत. इस्राएलच्या अमेरिकी बनावटीच्या फँटम लढाऊ विमानांना ती हाती लागत नसत. पण ती उडवणारे, सांभाळणारे सगळे सोव्हिएतच होते. इजिप्तच्या वाट्याला त्यांचा आवाज तेवढा आला.

सादात सत्तेवर आले ते नासर गेल्यानंतर, १९७०च्या शेवटी. १९७१ हे ‘निर्णयाचं वर्ष’ अशी घोषणा त्यांनी केली आणि वर्ष कोरडंच गेलं, कारण हवी ती शस्त्रं मॉस्को देईना. १९७२च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन मॉस्कोला गेले. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि त्यांनी मिळून जे निवेदन काढलं त्यात पश्चिम आशियात लष्करी तणाव सैल करण्याची भाषा होती. सिनाय ज्याच्या हातून गेलं त्याला याचा अर्थ सरळ लागला: दोन मोठ्यांचं आपसात जमलंय, तुमची जमीन आहे तिथेच राहू द्या. जुलैत सादात यांनी सोव्हिएत राजदूताला बोलावून सल्लागार परत न्या म्हणून सांगितलं. जवळपास पंधरा हजार माणसं काही दिवसांत गेली. मिग-२५ही गेली.

गंमत अशी की या हकालपट्टीनंतर शस्त्रांचा ओघ थांबला नाही, उलट वाढला. इजिप्त हातचा जाऊ नये म्हणून मॉस्कोनं १९७३च्या सुरुवातीपासून हात सैल सोडला. ऑक्टोबर १९७३मध्ये इस्राएलशी युद्ध पुकारून सुएझ कालवा ओलांडताना इजिप्तकडे जे होतं ते सगळं तिथूनच आलेलं: हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं, पायदळातल्या जवानानं सुटकेससारख्या पेटीतून नेऊन रणगाड्यावर सोडायचं माल्युत्का क्षेपणास्त्र, खांद्यावरून विमानावर सोडायचं स्त्रेला. कालव्याच्या काठची वाळूची भिंत मात्र पश्चिम युरोपातून आणलेल्या पंपांच्या पाण्यानं फोडली. वाळूच्या बाबतीत कुणाची परवानगी लागली नाही.

त्या युद्धात परावलंबन दोन्ही बाजूंना होतं, हे विसरून चालणार नाही. आठवडाभरात दोघांचाही दारूगोळा आटत आला. सोव्हिएत मालवाहू विमानं कैरो आणि दमास्कसला उतरू लागली, मग अमेरिकेची इस्राएलला. शेवटी इजिप्तची तिसरी सेना सुएझच्या पूर्वेला वेढली गेली, तेव्हा तिला पाणी आणि अन्न मिळालं ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी इस्राएलवर दाब आणला म्हणून. इस्राएलनं ऐकलं, कारण त्याच्या गोळ्यांची कोठारंही वॉशिंग्टनमधून भरत होती. १९६७ साली फ्रान्सनं अचानक शस्त्रबंदी घातल्यावर याच इस्राएलनं पुरवठादार बदलला होता. पुढे त्यानं स्वतःचं ‘क्फीर’ विमान बनवलं, त्यात अमेरिकी इंजिन बसवलं, आणि १९७७ साली ते इक्वाडोरला विकायला निघाला तर अमेरिकेनं नाही म्हटलं. इंजिन आमचं आहे. तेवढं कारण पुरलं.

सादात यांनी या युद्धातून घेतलेला धडा असा की वेढ्यातली सेना सोडवण्याची ताकद वॉशिंग्टनकडे आहे, मॉस्कोकडे नाही. १९७४च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं की इजिप्त यापुढे एकाच देशाकडून शस्त्रं घेणार नाही. सोव्हिएत संघाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा रागही समजण्यासारखा आहे. शस्त्रं दिली, माणसं पाठवली, काही मेली, मग हाकलले गेले, पुन्हा शस्त्रं दिली, आणि आता हा गृहस्थ कर्जाचे हप्ते पुढे ढकला म्हणत किसिंजरांबरोबर नकाशे मांडून बसलाय. सप्टेंबर १९७५मध्ये इजिप्त आणि इस्राएलचा दुसरा सिनाय करार अमेरिकेच्या मध्यस्थीनं झाला. सीरियाचं युद्धातलं नुकसान मॉस्को भरून देत होतं, इजिप्तचं नाही. नाक दाबलं की तोंड उघडेल असा हिशोब असावा. तोंड उघडलं, पण दुसऱ्याच दिशेला.

सुटे भाग मिळेनात, तेव्हा कैरोनं जगात मिग-२१ आणखी कोण बनवतं याचा शोध घेतला. मोठी नावं दोनच निघाली: भारत आणि चीन.

भारताकडे जाणं इजिप्तला साहजिक वाटलं असणार. नासर आणि नेहरू अलिप्ततेच्या चळवळीतले सोबती. पण त्याहून घट्ट असा एक धागा होता, जो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. १९६०च्या दशकात कैरोजवळ हेल्वानला इजिप्त स्वतःचं लढाऊ विमान बनवत होता, एचए-३००. आराखडा जर्मन अभियंता मेसरश्मिट यांच्या चमूचा, इंजिन ऑस्ट्रियन अभियंता ब्रांडनर यांचं. त्याच वेळी बंगळुरूत जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या आराखड्यावरचं आपलं लढाऊ विमान ‘मारुत’ उडू लागलं होतं, पण त्याला जोरदार इंजिन मिळत नव्हतं. एकाकडे विमान, दुसऱ्याकडे होऊ घातलेलं इंजिन. मग जोडी जमली. ७ मार्च १९६४ रोजी एचए-३००चं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय हवाई दलाचे चाचणी वैमानिक कपिल भार्गव यांनी. भारतानं एक मारुत हेल्वानला पाठवलं आणि १९६७च्या मार्चमध्ये ते इजिप्तच्या इंजिनावर तिथे उडालंही. तीन महिन्यांनी जूनचं युद्ध झालं, तिजोरी रिती झाली, आणि १९६९ साली हा सगळा उद्योग बंद पडला. पहिलं एचए-३०० आज म्युनिकजवळच्या एका विमान संग्रहालयात ठेवलेलं आहे. मारुत अखेरपर्यंत आपल्या त्याच कमी ताकदीच्या इंजिनावर उडत राहिलं.

स्वतःचं इंजिन बनवायला एकत्र बसलेले हे दोन देश. सात वर्षांनी त्यातला एक दुसऱ्याकडे तिसऱ्याच्या इंजिनाचे भाग मागायला आला.

दिल्लीनं काय करायचं? परवान्याच्या अटी सरळ होत्या. बनवा, वापरा, तिसऱ्या देशाला द्यायचं तर मूळ मालकाला विचारा. असे परवाने बहुधा याच अटीवर मिळतात, त्यात मॉस्कोचं काही वेगळं नव्हतं. पण समजा दिल्लीनं डोळा चुकवून दोन-चार पेट्या पाठवल्या असत्या. मग? १९७१च्या ऑगस्टमध्ये आपण सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार केला होता, सादात यांनी केला त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. डिसेंबरात कराची बंदरावर मारा करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत होत्या. पाणबुड्या सोव्हिएत, सुखोई-७ सोव्हिएत. कोरापुटचं इंजिन आपण बांधत होतो, पण त्यातल्या कितीतरी गोष्टी अजून तिकडून येत होत्या. इजिप्तला मदत करून उद्या आपल्याच निरोपाला उत्तर येईनासं झालं तर?

आणि दिल्लीला हे नुसत्या कल्पनेनं कळत नव्हतं. १९६५च्या युद्धात अमेरिकेनं दोन्ही देशांना शस्त्रबंदी घातली तेव्हा ती पाकिस्तानला जास्त झोंबली, कारण त्याची सेबर विमानं आणि पॅटन रणगाडे अमेरिकी होते. आपण ते पलीकडून पाहिलं होतं. (पुढे १९९८च्या पोखरणनंतर आपल्यालाही चव मिळाली. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश कंपनीची, पण आतले काही भाग अमेरिकी. ते अडकले आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली.)

मी दिल्लीच्या जागी असतो तर वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही. पण नकाराची रीत खटकते. मॉस्कोला विचारलं, उत्तर आलं, ते कळवलं. निदान त्या भाषणातून दिसतं ते असं की इजिप्तच्या लेखी भारत हा या व्यवहारातला टपालवाला ठरला.

चीनचं पाहा. त्यालाही १९६१ साली मिग-२१चा परवाना मिळाला होता. मग भांडण झालं, सोव्हिएत मदत आटली, कागदपत्रं अर्धवट हाती आली. चिनी अभियंत्यांनी हातात असलेली विमानं खोलून, मोजून, चुकतमाकत आपली प्रत बनवली आणि १९६६च्या जानेवारीत ती उडवली. ती प्रत मूळ विमानाच्या तोडीची नव्हती. पण १९७६च्या एप्रिलमध्ये इजिप्तचे उपाध्यक्ष होस्नी मुबारक बीजिंगला गेले तेव्हा चीनला कुणालाच विचारायचं नव्हतं. तीसेक मिग इंजिनं त्यानं देऊन टाकली, तीही फुकट. ज्याची मॉस्कोशी मैत्री होती त्याचे हात बांधलेले, ज्याचं वाजलं होतं तो मोकळा. इजिप्तच्या गरजेपुढे तीस इंजिनं म्हणजे दर्या में खसखस, पण कैरोच्या वर्तमानपत्रांना हवा तो मजकूर मिळाला.

त्याच महिन्यात इजिप्तनं सोव्हिएत नौदलाला दिलेल्या बंदराच्या सवलतीही काढून घेतल्या. आधी १९७५मध्ये सौदी अरेबिया, अमिराती आणि कतारला बरोबर घेऊन अरब शस्त्रउद्योगाची एक मोठी संस्था कैरोत उभी केली होती. पैसा त्यांचा, कारखाने इजिप्तचे, तंत्रज्ञान युरोपचं. कल्पना चांगली होती. १९७९ साली सादात यांनी इस्राएलशी तह केला आणि तिन्ही देश पैसे घेऊन निघून गेले. अमेरिका इजिप्तला ५० एफ-५ विमानं देणार होती, त्याचंही बिल सौदी भरणार होते. ते विमानांआधीच उडालं.

मग सरळ अमेरिका. १९७६ साली सहा सी-१३० मालवाहू विमानांपासून सुरुवात झाली होती. तहानंतर ३५ फँटम आली, अमेरिकी हवाई दलानं वापरलेली. इथली अडचण मात्र मोटारीच्या गॅरेजमध्ये काम केलेल्या कुणालाही कळेल. वीस वर्षं ज्यानं चौदाचा, सतराचा पाना चालवला त्याच्या हातात आता इंचाचे पाने आले. पुस्तकं दुसऱ्या भाषेतली, घड्याळं दुसऱ्या मापांची. सोव्हिएत पद्धतीत बिघडलेला डबा काढून नवा बसवायचा आणि जुना परत पाठवायचा. फँटमला प्रत्येक उड्डाणामागे तळावरच तासन् तास दुरुस्ती लागायची. पहिली काही वर्षं त्यातली फार थोडी उडण्याजोगी असत. ती तुर्कस्तानला विकून टाकावीत असाही विचार झाला. अमेरिकी तंत्रज्ञ येऊन बसले तेव्हा गाडी रुळावर आली. १९७२ साली सल्लागार घालवले होते, आता दुसरे आले.

जुन्या मित्राच्या मालाचंही चीज झालं. काही मिग-२१ आणि मिग-२३ अमेरिकेला गेली आणि नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकी वैमानिक त्यांच्यावर गुपचूप सराव करू लागले. मिग-२३ चीनलाही मिळाली. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्यावर इजिप्तच्या कोठारातली सोव्हिएत शस्त्रं अमेरिकेच्या पैशानं मुजाहिदीनांकडे गेली; सप्टेंबर १९८१मध्ये सादात यांनी अमेरिकी टीव्हीवर हे स्वतःच सांगून टाकलं. दोन आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरच्या विजय संचलनात, फ्रेंच मिराज विमानं डोक्यावरून कसरती करत असताना एक सोव्हिएत बनावटीचा झिल ट्रक मंचासमोर थांबला, त्यातून मारेकरी उतरले आणि सादात मारले गेले.

त्यानंतरचा इजिप्त म्हणजे एफ-१६चा इजिप्त. दोनशेहून अधिक एफ-१६, देशातच जोडणी होणारे एब्रम्स रणगाडे, आणि १९८७पासून वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत. पण त्या एफ-१६ना लांब पल्ल्याचं अम्राम क्षेपणास्त्र अमेरिकेनं दशकानुदशकं दिलं नाही. इस्राएलचं पारडं वर राहिलं पाहिजे हे तर उघडच धोरण होतं. २०१३च्या जुलैत लष्करानं राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांचं सरकार उलथवलं. ऑक्टोबरात अमेरिकेनं एफ-१६, अपाची हेलिकॉप्टरं, हार्पून क्षेपणास्त्रं आणि रणगाड्यांचे भाग रोखले. ते सुटायला २०१५चा मार्च उजाडला.

तोवर कैरोनं जुनी वही पुन्हा काढली होती. फेब्रुवारी २०१५मध्ये फ्रान्सकडून २४ राफेल घेण्याचा करार झाला, ती घेणारा इजिप्त पहिला परदेशी ग्राहक. रशियाकडून मिग-२९ आणि का-५२ हेलिकॉप्टरं आली. म्हणजे १९७४चंच धोरण, चाळीस वर्षांनी, या वेळी उलट्या दिशेनं. राफेलला लावायचं स्काल्प क्षेपणास्त्र मात्र २०१८ साली अडकलं. क्षेपणास्त्र फ्रेंच होतं, आत एक छोटा अमेरिकी भाग होता. मग रशियाकडून सुखोई-३५ घेण्याचं ठरलं. वॉशिंग्टननं निर्बंधांची भीती घातली. विमानं बांधून झाली, रंगवून झाली, आणि रशियातच उभी राहिली.